व्याह्यांच्या गाडीची शेगडी

चाळीस वर्षं मी गाड्यांच्या पोटात हात घालतोय. नारीनमध्ये ताश्तान उस्ताद कुठे राहतो म्हणून विचाराल, तर शेंबडं पोरही बोट दाखवेल. नुसत्या आवाजावरून सांगतो मी, कुठल्या गाडीचं काय दुखतंय ते. एवढी फुशारकी मारल्यावर पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. गेल्या जानेवारीत माझ्या सख्ख्या व्याह्यांच्या गाडीपुढे मी साफ तोंडघशी पडलो, आणि तेही नुसतं चुकून नाही.

आमची धाकटी कानिशाय कोचकोरकडे दिलीय, दोलोनच्या खिंडीपलीकडे. जावई मॉस्कोला ट्रक चालवतो. सासू लग्नाआधीच वारलेली. घरात सासरे सागिनाली आणि त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, एवढीच माणसं. म्हणून बाळंतपणाला मीच तिला इकडे घेऊन आलो. आमच्यात तशी रीत नाही, पण सागिनालींनी समजूतदारपणे हो म्हटलं. डिसेंबरात पोरगी झाली, बेर्मेट नाव ठेवलं, आणि मी कामातून गेलो. हाताला ऑइल लागलं तर तसाच जेवायला बसणारा माणूस मी, पण दिवसातून दहा वेळा कोपरापर्यंत साबण लावून तिला घ्यायला धावायचो. झूरा, म्हणजे आमची बायको, म्हणायची, "स्वतःच्या चार पोरांच्या वेळी कुठे होतात हो?" गाडीखाली होतो, दुसरं कुठे असणार.

चाळिसावा दिवस शुक्रवारी येत होता. त्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्यानं आंघोळ घालायची, चाळीस घरांतून मागून आणलेल्या तुकड्यांचा सदरा चढवायचा, आणि शनिवारी मायलेकींची पाठवणी. पलीकडे थोरल्या आजीनं, म्हणजे सागिनालींच्या आईनं, पाळणा मांडून घेतला होता. घरातल्या सगळ्यात वडील बाईनं बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं असतं. म्हातारी थंडी पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. शनिवारी काही झालं तरी उठून बसणार, असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आणि गाव जेवायला बोलावलं होतं.

गुरुवारी दुपारी सागिनाली आले. धिप्पाड माणूस, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, आवाज असा की अंगणातला कुत्रा भुंकायचा थांबला. अर्धा बोकड आणला होता, विहिणीला पांढरा रुमाल आणला होता, आणि बाळाच्या आंघोळीसाठी वीस लिटरचा कॅन भरून अरशानचं पाणी. त्यांच्या गावावर डोंगरात गरम पाण्याचा झरा आहे, तेच अरशान. त्या पाण्यानं गुडघे बरे होतात, खरूज जाते, वांझ गाई गाभण राहतात, असं तिकडचे लोक शपथेवर सांगतात. मी बापडा कशाला वाद घालू?

पण उतरताना ते लंगडत होते. आत येऊन शेगडीपाशी बसले आणि हसत हसत सांगायला लागले. खिंडीत बर्फ काढायचं काम चालू होतं, फाटकापाशी सगळ्या गाड्या तासभर उभ्या केल्या, आणि गाडीतल्या शेगडीनं सरळ दगा दिला. हीटरला आम्ही गाडीची शेगडीच म्हणतो. गाडी पळत असली की छान ऊब येते म्हणाले, उभी राहिली, इंजिन नुसतं हळू चालत राहिलं, की गार वारा फेकते. पाय लाकडं झाले होते त्यांचे. त्यांना त्यात गंमत वाटत होती.

चहा ओतता ओतता झूराचा हात थांबला. बाहेर उणे सव्वीस होतं. शनिवारीही फाटकापाशी उभं करणारच, त्यात शंका नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी पस्तीस वर्षं ओळखतो. माझी नात त्या गाडीत बसणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, चहा होईपर्यंत करून देतो. कूलंटच्या डब्यात बघितलं तर पाणी बोटभर खाली. पाणी कमी म्हणजे लाईनमध्ये हवा धरली असणार, आणि हवा धरली की उभ्या गाडीत शेगडीला गरम पाणी पोचत नाही. पोरासोरांनाही कळणारी गोष्ट. सागिनालींना विचारलं, कमी झालं की काय घालता? ते म्हणाले पाणी, उन्हाळ्यात खिंड चढताना कमी होतंच, थंडी लागली की वर जाड कूलंट घालतो म्हणजे गोठत नाही. आमच्याकडे सगळेच असं करतात. कुठलं पाणी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गाडीचं नाक उताराच्या वरच्या अंगाला करून उभी केली, झाकण उघडलं, होज पाईप दाबून दाबून हवा काढली. बुडबुडे आले, शेगडीतून गरम झोत आला. मी हात पुसत आत गेलो आणि चारचौघांत सांगितलं, झालं काम. शेजारची दोन माणसंही आली होती व्याह्यांना भेटायला. त्यांच्यादेखत सांगितलं.

पंधरा मिनिटांनी सागिनाली बाहेर जाऊन आले. मग हळूच म्हणाले, "उस्ताद, पुन्हा गार येतंय."

माझं नाक कापलं गेलं. पुन्हा बाहेर गेलो. आता खरं सांगतो, त्या वेळी पुढे काय करायचं हे मला बरोबर माहीत होतं. शेगडीला दोन पाईप जातात, एकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. दोन्हींवर हात ठेवून बघितले. आत येणारा चटका बसेल इतका गरम, बाहेर जाणारा कोमट. इंजिनाला रेस दिली की बाहेरचाही तापायचा, रेस सोडली की थंड पडायचा. याची कारणं दोनच. एक तर ढकलणारा पंप थकलाय, नाहीतर शेगडीच आतून तुंबलीय. पाईप काढायचा, पाणी सोडून बघायचं, पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

मी पाईप काढला नाही. कारण माझ्या डोक्यात एक हिशेब चमकून गेला होता: पंप नारीनमध्ये मिळत नाही, बिश्केकहून मागवावा लागतो, आणि यायला सहा दिवस लागतात. सहा दिवस म्हणजे बुधवार. बुधवारपर्यंत बेर्मेट माझ्या घरात. मला पंपच हवा होता, म्हणून मी पंप म्हणालो.

आत येऊन तोंड गंभीर करून सांगितलं की पंप गेलाय. सागिनालींनी बशी खाली ठेवली.  आमच्यात व्याह्याला दुखावत नाहीत. घरातल्या घरात भांडू, शेजाऱ्याशी डोकं फोडू, पण व्याह्याच्या पानात मटणाचा वाईट तुकडा वाढणार नाही. तो माणूस चिडला तर कसं बोलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि आवाज अजिबात चढला नव्हता.

"उस्ताद, पोरीला ठेवून घ्यायची असेल तर तसं म्हणा. मी समजून घेईन. पण माझ्या आईला मी पंपाची गोष्ट सांगू शकत नाही."

झूरानं मान खाली घातली. कानिशाय पडद्याआड बाळाला पाजत होती, तिनंही ऐकलं असणार. मी काहीतरी ततपप केलं, मी कशाला खोटं बोलू, चाळीस वर्षांचा अनुभव वगैरे. सगळं बोलून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला. 

शुक्रवारी सकाळी आंघोळ होती. गल्लीतल्या बायका जमल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं. एकेक बाई लाकडी चमचा भरून पाणी घालायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायची. एकतिसाव्याला दोघींचं भांडण झालं की हा एकतिसावा की तिसावा, आणि बेर्मेटनं मधेच मोठ्यांदा शिंकून तो वाद मिटवला. मग तिला तुकड्यांचा सदरा घातला. जन्मल्यापासूनचा जुना सदरा रिवाजाप्रमाणे कुत्र्याच्या गळ्यात बांधला, आणि तो तोरा मिरवत अंगणभर पळत सुटला. सगळे हसत होते. सागिनालीही हसत होते. मी एकटाच कोपऱ्यात सुतक आल्यासारखा उभा.

तेवढ्यात झूरा स्वयंपाकघरातून तणतणत आली. हातात तिची नवी किटली. नवी म्हणजे आठवड्यापूर्वी घेतलेली, निळी, जिला ती मला हातही लावू देत नसे. आंघोळीसाठी तिनं सकाळपासून अरशानचं पाणी पाच-सहा वेळा त्यात उकळवलं होतं.

"बघा," ती मला कुजबुजत म्हणाली, कारण व्याही जवळ होते. "एका सकाळीत काय अवस्था झाली माझ्या किटलीची. आतून चुनाच चुना. हे पाणी वर्षभर कुणी घातलं तर भांडं बुजून जाईल."

मी किटलीत बोट घातलं. पांढरी, खरखरीत साय. नखानं ओढली तर पापुद्रा निघाला. आणि मी तिथंच खाली बसलो.  वर्षभर कुणी घातलं तर. उन्हाळ्यात खिंड चढताना कमी होतंच.

सागिनालींना अंगणात घेऊन गेलो आणि विचारलं, की व्याहीबुवा, गाडीत पाणी घालता ते कुठलं घालता? त्यांनी मोठ्या अभिमानानं छाती पुढे काढली. अरशानचं, दुसरं कुठलं. डिकीत कॅन कायम भरलेला असतो. बायको होती तेव्हापासूनची सवय आहे म्हणाले. गुडघ्यांसाठी ती दर आठवड्याला झऱ्यावर जायची, आणि येताना म्हणायची, आपल्या म्हाताऱ्या गाडीचेही सांधे दुखत असतील, तिलाही घाला थोडं. ती गेली, पण यांनी घालायचं सोडलं नाही. अकरा वर्षं. गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, ती त्या पाण्याच्या पुण्याईनंच, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता बोला. एरवी एखाद्या गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथं समोर व्याही, आणि वर त्यांच्या बायकोची आठवण.  शेवटी बोनेट उघडलं आणि काल काढायला हवे होते ते दोन्ही पाईप काढले. एका तोंडाला पाण्याची नळी लावली. दुसऱ्या तोंडातून जे बाहेर आलं ते पाणी कसलं, नुसती करंगळीएवढी धार, तीही थबकत थबकत. मग मातकट पांढरा गाळ आणि पापुद्रे. सागिनालींच्या तळहातावर मी एक पापुद्रा ठेवला, आणि दुसऱ्या तळहातावर झूराच्या किटलीतला.

ते दोन्ही हात डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले.

"म्हणजे मीच बुजवलं," ते म्हणाले.

"तुम्ही बुजवलं," मी म्हटलं. "आणि काल मला हे कळू शकलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी पाईप काढला नाही. पंप चांगला आहे तुमचा, व्याहीबुवा. नात चार दिवस जास्त राहील म्हणून मी पंपाचं नाव घेतलं."

बोलून टाकलं आणि कानशिलं तापली. आता हा माणूस टोपी घालून निघून जाणार असं वाटलं, आणि गेला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. पण सागिनालींनी तळहातावरचे पापुद्रे झटकले, बाह्या वर केल्या आणि विचारलं की आता काय करायचं.

करायचं काय ते बायकांना विचारा. किटली कशानं धुता? लिंबाच्या फुलांनी, म्हणजे त्या लिंबूसत्त्वाच्या खड्यांनी. झूराच्या डब्यात मुरंब्यासाठी लिंबाची फुलं होती, ती सगळी ओतली गरम पाण्यात. शेगडीत ते पाणी भरून ठेवलं की आत खळखळ सुरू व्हायची, सोड्यासारखा फेस यायचा. अर्ध्या तासानं सोडून द्यायचं, उलट्या बाजूनं नळीनं धुवायचं, पुन्हा भरायचं. सागिनाली बादल्या वाहत होते, मी ओतत होतो. पहिल्यांदा ताकासारखं पाणी निघालं, मग पेजेसारखं, आणि चौथ्या खेपेला स्वच्छ. धार मनगटाएवढी जाड, माझ्या बुटांवर उडाली आणि तिथंच गोठली. मग शेगडीचे पाईप जागेवर लावले, इंजिनातलं जुनं पाणीही काढलं, ताजं कूलंट भरलं, हवा काढली. ऊन कलायच्या आत सगळं झालं. मधल्या वेळात आम्ही दोघांनी मिळून बशीभर बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, फस्त केले, आणि त्यांनी मला बायकोबद्दल खूप काही सांगितलं. ती गाडीशी बोलायची म्हणे. माझ्याशी कमी आणि गाडीशी जास्त, असं म्हणून हसले.

शेवटी चाचरत विचारलं त्यांनी, की मग ते पाणी वाईट आहे का? मी म्हटलं, गुडघ्यांना घाला हवं तेवढं, गाडीला शेगडी आहे, गुडघे नाहीत. पटलं त्यांना. डिकीतला कॅन काढून त्यांनी झूराला देऊन टाकला, आणि झूरानं तो किटलीपासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब ठेवला.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. सामान भरून झालं, कानिशायनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. सागिनाली म्हणाले, असं नाही निघायचं, आधी परीक्षा. गाडी अंगणात उभी, इंजिन हळू चालू, रेस द्यायची नाही, आणि आत बाळाला घेऊन कुणीतरी बसायचं. कुणी बसायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. नुसतं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मी बेर्मेटला घेऊन पुढच्या सीटवर बसलो. झूरानं घरातला तापमापक आरशाला टांगला. बाहेर उणे चोवीस होतं. पाच मिनिटांत काचेवरचं बर्फ पाझरायला लागलं. दहा मिनिटांत आत अठरा, वीस मिनिटांत तेवीस. मी तिची लोकरी टोपी काढली, मग वरची शाल काढली. पायांशी ऊब अशी यायला लागली की मीच कोटाची बटणं सोडली. ती चाळीस तुकड्यांच्या सदऱ्यात मजेत पडली होती. माझं बोट धरून ठेवलं होतं, आणि तोंडानं नुसते फुगे काढत होती. मी तिला गाडीचं सगळं समजावून सांगितलं. हा पंप, तो चांगला आहे. ही तुझी शेगडी, ती तुझ्या पणजीकडे नेईल तुला. आजोबा आहेत तसे बरे, थोडे खोटारडे आहेत. तिनं जांभई दिली आणि झोपून गेली.

काम झालं होतं. कुठल्याही मेकॅनिकला कळलं असतं. अर्ध्या तासापूर्वीच कळलं असतं.

सागिनाली काचेपाशी आले, वाकून तापमापक बघितला. पंचवीस. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीवर बघितलं. मी काच दोन बोटं खाली केली. निघू या का, असं विचारायला तोंड उघडलं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"जरा गारच वाटतंय अजून," मी म्हटलं.

त्यांनी पंचविसाकडे बोट दाखवलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"हो, गारच आहे," ते म्हणाले. "बसा अजून तासभर. खिंडीत कधीकधी दोन तासही उभं करतात. आई थांबेल."

आणि त्यांनी आपल्या हातानं काच वर ढकलली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, आणि झूराकडे चहा मागायला घरात गेले.